दादांचं अवकाश स्थानक

सासऱ्यांना आमच्या घरात सगळे दादा म्हणतात, मीसुद्धा. दादा सातपूरच्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत तपासणी विभागात होते. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, गेज लावायचं, मापात असेल तर पुढे ढकलायचा, नसेल तर लाल पेटीत टाकायचा. आयुष्यभर हेच केलेला माणूस घरी बसला की काय होतं ते सुनांनाच विचारावं. तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी आमचं घर तपासायला घेतलं. पोळीची जाडी, दुधातलं पाणी, माझ्या बोलण्यातला सूर. वर्षभर मी सोसलं. मग त्यांना आकाश सापडलं आणि माझी सुटका झाली.

निदान मला तसं वाटलं. आता हिशेब लागतो तो असा, की ते आकाशाकडे बघायला लागले तेव्हाच त्यांची नजर निम्मीअधिक गेलेली होती. हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. आणि रोज सकाळी माझी मुलगी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जात होती.

सुरुवात एका मेसेजने झाली. कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, आज संध्याकाळी नाशिकवरून अवकाश स्थानक जाणार, नुसत्या डोळ्यांनी दिसेल. दादांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, हळदीने सगळे रोग बरे होतात हे जसं वाचून दाखवायचे त्याच आवाजात. संध्याकाळी घड्याळ बघत गच्चीवर गेले, मेसेज खोटा पाडायला. खाली आले ते तसेच खुर्चीत बसले. चहा पुढे ठेवला तरी हात लावीनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"आलं ना," ते म्हणाले. "मिनिटावर आलं. आमची कंपनीची बस अख्ख्या नोकरीत एकदा वेळेवर आली नाय, आणि हे लय लांबून येऊन मिनिटावर!"

त्या दिवसापासून आमच्या घरी संध्याकाळचा चहा आकाशाच्या वेळेप्रमाणे व्हायला लागला. माझ्या नवऱ्याने त्यांना फोनवर वेबसाइटी लावून दिल्या. एकीवर जगाचा नकाशा, त्यावर लाटेसारखी रेघ आणि रेघेवरून सरकणारा ठिपका. दुसरीवर आपलं गाव टाकलं की पुढच्या आठवड्यात काय काय डोक्यावरून जाणार त्याचा तक्ता. शिवाय एक अॅप, जे स्थानक उगवायच्या थोडं आधी घंटी वाजवायचं. दादा तिन्ही ताडून बघायचे. एकीने सांगितलेलं दुसरीने मान्य केल्याशिवाय त्यांना पटायचं नाही. दुपारी मी शाळेतून दमून घरी आले की खुर्चीतून आवाज यायचा, "आता ब्राझीलवर हाय. आत्ता आफ्रिका येईल." मी म्हणायची, "येऊ द्या, तिलाही चहा टाकते."

हळूहळू त्यांचा पसारा वाढला. नुसतं स्थानक पुरेना. बंद पडलेले उपग्रह, उडवून झालेल्या रॉकेटांचे रिकामे खोके, इंटरनेटच्या उपग्रहांच्या माळा, सगळं ते फोनवर शोधायचे. मेलेल्या उपग्रहांबद्दल त्यांना जास्त जिव्हाळा होता. "काम संपलं, पण फिरतंय बिचारं," असं म्हणायचे. मी त्यांना चिडवायची की दादा, तुमचं आणि त्याचं एकच खातं. ते हसायचे. सासू गेल्यापासून त्यांना हसवणं सोपं राहिलं नव्हतं, म्हणून मी ही थट्टा पुन्हापुन्हा करायची.

कॉलनीत त्यांचा भाव वाढला. घंटी वाजायच्या सुमारास गच्चीवर चारदोन माणसं जमायची. दादा मध्यभागी उभे राहून हात वर करायचे, वायव्येला, डोंगरांकडे. "तिकडून येणार. आलं बघा!" मग तो चकचकीत ठिपका न लुकलुकता वर चढायचा आणि त्यांचं बोट त्याच्याबरोबर अख्ख्या आकाशातून फिरायचं, पांडवलेण्याच्या बाजूला जाऊन खाली यायचं. खालच्या मजल्यावरच्या काकू दर वेळी हात जोडायच्या. आत माणसं राहतात हे कळल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "मग त्यांना आपली वाळवणं दिसत असतील का हो?" दादांनी त्यावर बराच विचार केला आणि नसतील म्हणून सांगितलं.

आता स्कूटरबद्दल सांगते. मी पंचवटीतल्या एका शाळेत शिकवते आणि मला सकाळी लवकर निघावं लागतं. नवरा सातपूरच्याच एका कंपनीत माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवतो, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणून मुलीला शाळेत सोडणं दादांकडे. वाटेतल्या त्र्यंबक रोडवर कारखान्यांच्या पट्ट्यात सकाळी काय रहदारी असते ते तिथल्या माणसाला सांगायला नको. पत्र्याचे रोल घेऊन चाललेले ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, पहिली पाळी गाठायला निघालेल्या मोटारसायकली. दादा सावकाश चालवतात, कडेने जातात, दारू नाही, तंबाखू नाही. माझ्या डोक्याला तेवढाच एक घोर कमी होता.

घरात ते धडपडायचे. दाराच्या चौकटीला खांदा, टीपॉयच्या कोपऱ्याला नडगी. ताटाच्या डावीकडे ठेवलेली वाटी तशीच राहायची आणि मग मला बोलणी बसायची की कोशिंबीर वाढली नाही. जिना उतरताना भिंतीवर तळवा टेकवून उतरायचे, त्या भिंतीवर एका उंचीवर मळकट पट्टा उमटला होता. दोनदा स्कूटरची डावी बाजू खरवडली गेली तेव्हा गल्लीत लोक गाड्या वाट्टेल तशा लावतात म्हणून त्यांनी सगळ्या कॉलनीला झापलं. वय झालं की माणूस धडपडतो, आणि आमचे दादा धडपडून वर दुसऱ्यालाच ओरडतात, एवढंच आम्ही धरून चाललो. पेपर मात्र ते चष्मा न लावता वाचायचे. पेपर वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर कोण संशय घेणार?

ती संध्याकाळ चैत्रातली होती. दिवसभर नुसता उकाडा, आणि उन्हं उतरल्यावर आभाळ भरून आलं. मी कुरडया आणायला गच्चीवर धावले. वारं सुटलं होतं, धुणं दोऱ्यांवर फडफडत होतं. वर दादा उभे होते, हातात फोन. बाकी कुणी आलेलं नव्हतं, येणारच कसं, आभाळ काळंभोर झालं होतं. मला वाटलं, वारा खायला आले असतील.

घंटी वाजली. दादांनी फोन खिशात ठेवला, वायव्येला तोंड केलं आणि हात वर केला.

"आलं बघ," ते म्हणाले. "आज लय तेज हाय."

मी वर पाहिलं. वर ढगांशिवाय काही नव्हतं. एक चांदणी नाही, चंद्र नाही, नुसतं गोधडीसारखं दाट आभाळ. मला वाटलं थट्टा करताहेत, आणि मी हसायला तोंड उघडलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं बोट सरकायला लागलं होतं, नेहमीच्या गतीने, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत. डोंगरांकडून वर, टाकीच्या डोक्यावरून, माथ्यावर जरा थांबल्यासारखं आणि मग पलीकडे उतरत. चेहऱ्यावर तोच आनंद. माझ्या हातातली कुरडयांची चादर तशीच राहिली.

"दिसलं ना?" त्यांनी विचारलं.

"दादा," मी म्हणाले, "आभाळ भरलंय."

त्यांचा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूच खाली आणला आणि शर्टाला पुसला.

"मग ढगामागून गेलं असेल," ते म्हणाले. "गेलंच की. गेलं नाय असं थोडंच हाय?"

ते खोटं नव्हतं. ढगांच्या वर, फोनवरच्या त्या रेघेवरून, ते त्या मिनिटाला गेलंच होतं. ढगांचं फोनला काय कळणार. एरवी या उत्तरावर मी खो खो हसले असते. पण मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना जिन्याने खाली आणलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी धरू दिलं. पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. सकाळी हा माणूस माझ्या मुलीला घेऊन ट्रेलरांच्या मधून गेला होता.

स्वयंपाकघरात मी त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांच्या समोर उभी राहिले, दोन्ही हात बाजूला पसरले, एका हातात पळी, दुसऱ्यात झारा.

"माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत. या हातात काय आहे?"

"कोणत्या हातात?"

"दोन्ही हात बाजूला धरलेत मी, दादा."

"तू आता माझं मेडिकल घेणार व्हय?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी उजवा हात हळूहळू आत आणत गेले. पळी माझ्या कानाला टेकायची राहिली होती तेव्हा ते म्हणाले, "पळी." दुसरीकडे तर झारा गालापर्यंत आला. म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसत होता आणि चेहऱ्याच्या आजूबाजूचं घर दिसत नव्हतं. ओटा नाही, खिडकी नाही, दारात येऊन उभी राहिलेली त्यांची नात नाही. मी झारा ओट्यावर आपटला. मला इतका राग आला होता की कुणाचा आला तेही कळत नव्हतं.

मी स्कूटरची किल्ली खिळ्यावरून काढून पर्समध्ये टाकली. "उद्यापासून ती रिक्षाने जाईल," मी म्हणाले.

"पोरीला मी कधी पाडलं का?" ते एकदम चढ्या आवाजात बोलले. "एकदा तरी? रस्ता पाठ हाय मला. खड्डेसुद्धा पाठ हायेत."

"ट्रक पाठ आहेत का?"

बोलली ती मुलगी. दारातूनच म्हणाली, "ट्रक मी सांगते ना त्यांना."

तेव्हा ती तिसरीत होती. तिने फार उत्साहाने सगळं सांगितलं, कारण तिच्या लेखी तो खेळ होता. आजोबांनीच शिकवलेला, फोनवरच्या त्या ठिपक्यांचा खेळ. ती मागे बसून आकाशाऐवजी रस्ता बघायची आणि काय येतंय, कोणत्या दिशेने येतंय ते ओरडून सांगायची. बस, डावीकडून. ट्रेलर, समोर, हळू. सायकलवाले काका, एकदम जवळ. बरोबर सांगितलं की गुण मिळायचे आणि शंभर गुण झाले की शाळेच्या फाटकाजवळ बोरकुटाची एक पुडी. "परवा आम्ही थोडक्यात वाचलो," ती म्हणाली, "मी दप्तरातून रुमाल काढत होते ना, म्हणून मला उशीर झाला सांगायला."

दादा खाली मान घालून बसले होते. मी मुलीला बाहेर जायला सांगितलं. मला त्यांना मारावंसं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आणि त्याच वेळी त्यांना तसं बसलेलं बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम होत होतं आणि धड काहीच करता येत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले, नवऱ्याची दुसरी पाळी होती. बुबुळांवर फुंकर मारणारं यंत्र झालं, थेंब घालून झाले. मग एका अंधाऱ्या खोलीत त्यांना एका पांढऱ्या अर्धगोलासमोर बसवलं. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघायचं आणि गोलात कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. एक इवलासा उजेड इथे लागायचा, विझायचा, मग दुसरा तिथे. दादांचं बटण वाजत होतं. टक, टक, टक. माझ्या जिवात जरा जीव आला, म्हटलं दिसतंय की बरंच.

यंत्रावरच्या मुलीने ते थांबवलं. "आजोबा, दिसलं तरच दाबा हं. अंदाजाने नको."

"दिसतंय मला."

"मध्ये मध्ये मशीन मुद्दाम ठिपका दाखवत नाही, तेव्हाही तुम्ही दाबलंत," ती म्हणाली. आवाज गोड होता, रोज हेच सांगत असावी. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी खोलीत शांतता होती. ठिपके येत होते, जात होते. मला दारातून सगळे दिसत होते. मधल्या दिव्याच्या अगदी जवळ एखादा आला की बटण वाजायचं, बाकी वेळ त्यांचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला असायचा. मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसले.

कागदावर दोन गोल छापून आले, दोन्ही काळे, मध्ये बोराएवढी पांढरी जागा. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. हा डोळ्यातला दाब वाढवून नस मारत नेतो, कडेकडून, दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही. आता थेंब घालायचे, ते मध्यभागी जे उरलंय ते टिकवण्यासाठी. गाडी बंद. त्यांनी हे सगळं दादांकडे बघून सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा रक्तात असतो. यांच्या मुलांनी तपासून घ्यायला हवं. मुलगा आहे ना?"

मी हो म्हणाले.

परत येताना दादा रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. मग आपणहून बोलायला लागले, समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत. कंपनीत असतानाच कळायला लागलं होतं म्हणाले. बाजूने कुणी आलं की दचकायला व्हायचं. पण काम मधल्या नजरेचं, गेज डोळ्यासमोर, त्यात कधी चूक नाही. वर्षातून एकदा मेडिकल. तक्ता वाचायचा, ती अक्षरं तर त्यांना दिसायचीच, समोर होती ना. पुढे एका वर्षी कंपनीने बाजूची नजर बघणारा डॉक्टर बोलावला. तो बोटं दाखवायचा, डावीकडे दोन, उजवीकडे एक, किती ते सांगा. रांगेत पुढे असलेल्यांना विचारलं तर कळलं की तो सगळ्यांना त्याच क्रमाने दाखवतो. दोन, एक, तीन, एक. दादांनी तेवढं पाठ केलं.

"पास झालो," ते म्हणाले.

"घरी का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तपासणीतला माणूस आंधळा होतोय म्हटल्यावर कोण ठेवतंय? पोराचं शिक्षण चालू होतं. घराचे हप्ते होते." मग म्हणाले, "माझ्या बापाचीबी गेली होती. नांदगावला ओट्यावर भिंतीला टेकून बसायचा दिवसभर. म्हातारपण म्हणायचे सगळे. मीपण तेच म्हणत होतो."

त्या वेळी थेंब सुरू झाले असते तर आज निम्मी नजर शाबूत असती, हे मी त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात आपल्याकडे. मूठ झाकून झाकून त्यांनी काय राखलं, तर बोराएवढी जागा.

स्कूटर विकली. मुलगी रिक्षाने जायला लागली आणि पहिले काही दिवस रिक्षावाल्या काकांनाही ट्रक सांगत राहिली. दादा गच्चीवर जायचे थांबले नाहीत. फोन सरळ डोळ्यांसमोर धरून त्यांना तक्ता वाचता यायचा, घंटी ऐकू यायची. वर प्लास्टिकची खुर्ची ठेवली त्यांच्यासाठी. आता हात वर करून बोट फिरवायचे नाहीत. नात सांगायची, ते ऐकायचे. लोक यायचे कमी झाले. खालच्या काकू मात्र येत राहिल्या आणि आता स्थानकाआधी दादांनाच नमस्कार करायला लागल्या. त्यांना ते अजिबात आवडायचं नाही.

नवऱ्यामागे मी लागलेच होते. तपासून घे. तो हो म्हणायचा. या आठवड्यात तिसरी पाळी आहे, झोप होत नाही. मग श्रावण आला, मग गणपती, मग दिवाळीआधीचा ओव्हरटाइम. मी दोनदा नंबर लावला आणि दोन्हीदा तो कामावरून उशिरा आला. "मला सगळं स्वच्छ दिसतं," म्हणायचा. "फोर्कलिफ्ट चालवतो रोज, दिसत नसतं तर आतापर्यंत कुणाच्या अंगावर घातली नसती?" तो 'आतापर्यंत' आला की मी पुन्हा डॉक्टरांचं नाव काढायची. भांडणं झाली. एकदा दादांनीच त्याला आत बोलावून काहीतरी सांगितलं, दार लोटून घेऊन. बाहेर आला तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

दिवाळीनंतरच्या थंडीत एक संध्याकाळ आली, आभाळ धुतल्यासारखं. नवरा पहिली पाळी करून घरी होता. मुलगी त्याला ओढतच गच्चीवर घेऊन गेली. आज सगळ्यात भारी आहे म्हणाली, आजोबांनी बघितलंय, पार खाली टेकेपर्यंत दिसणार आहे. मी वर पोचले तेव्हा दादा खुर्चीत मफलर गुंडाळून बसले होते आणि नवरा कठड्याला टेकून उभा होता. घंटी वाजली.

"आलं!" नवराच आधी ओरडला. "ते बघ, डोंगराच्या वर!"

खरंच ते तिथेच होतं. माझा जीव भांड्यात पडला. किती महिने मी नुसती धास्ती घेऊन फिरत होते, आणि त्याने मुलीच्याही आधी ते पाहिलं होतं. मला आनंदाने हसू आलं. मी मनात म्हटलं, उगाच छळलं बिचाऱ्याला.

दादांचा मफलर घसरला होता. नवऱ्याने खाली वाकून तो नीट केला आणि पुन्हा वर बघितलं.

"गेलं वाटतं," तो म्हणाला. "सावलीत गेलं असेल पृथ्वीच्या. जातं ना, दादा, कधी कधी मध्येच?"

स्थानक आमच्या डोक्यावर होतं. इतकं लख्ख की त्याच्याकडे बोट दाखवायचीही गरज नव्हती. मुलगी हसली. "पप्पा, ते काय! वर!"

"कुठे?"

त्याने मान मागे टाकली. इकडे वळवली, तिकडे वळवली. आकाश जणू तुकड्यातुकड्याने चाचपत होता. तो प्रकाश त्याच्या कपाळावरून पलीकडे गेला, सावकाश, आणि तो मात्र टाकीच्या बाजूला बघत राहिला. "कुठे गं?" तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी आवाज बारीक होता. मुलीचं हसू थांबलं. ती माझ्याकडे बघायला लागली.

दादा खुर्चीतून उठले. त्यांना काहीच दिसलं नव्हतं, फक्त तो दोनदा विचारलेला प्रश्न ऐकू आला होता. त्यांनी हात पुढे करून मुलाचा खांदा शोधला आणि घट्ट धरला.

"उद्या रजा टाक," ते म्हणाले.

माझा नवरा हुज्जत घालेल असं मला वाटलं. दिसतंय मला, असं ओरडेल असं वाटलं, आणि मी त्याला काय काय ऐकवायचं ते ठरवतही होते. त्याने शोधायचं थांबवलं. कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि खाली गल्लीकडे बघत हळू आवाजात म्हणाला,

"कंपनीत कुणाला कळू देऊ नका."